पटकीच्या जंतूचे उसने विष

'मोडशी झाली आहे, आज लंघन करा,' असे आपल्या घरांतील वडीलधारी माणसे अजूनही म्हणतात. अपचन झाले, ओकारी-जुलाब सुरू झाले की ती मोडशी. शब्द साधा आणि घरगुती. परंतु त्याचा प्रवास मोठा विलक्षण आहे. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांनी तो इथल्या लोकांच्या तोंडून उचलला व आपल्या उच्चाराप्रमाणे लिहून ठेवला. १५४३ साली गोव्यात जी भयंकर साथ आली तिचे वर्णन गास्पार कोरैया या इतिहासकाराने केले आहे. आणि गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात या रोगाचा विचार केला आहे. पुढे हाच शब्द फ्रेंचांच्या कानी पडला, तेव्हा त्यांनी तो आपल्याच भाषेतला समजून त्याचा अर्थ 'कुत्र्याचे मरण' असा लावला. व्युत्पत्ती चुकली, रोगाचे वर्णन मात्र चुकले नाही.

आपल्याकडे या रोगाला पटकी म्हणतात, महामारी म्हणतात. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवेलागणीपर्यंत ओळखू येऊ नये असा होतो. डोळे खोल जातात, आवाज बसतो, हातपाय थंड पडतात, आणि शरीरातील पाणी तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबांतून वाहून जाते. तीव्र विकारात ताशी लिटरभर पाणी जाऊ शकते. हे सारे एका सूक्ष्म, स्वल्पविरामाच्या आकाराच्या जंतूमुळे घडते, हे आज शाळेतील मूलही जाणते. परंतु हा जंतू नेमके काय करतो, आणि ही मारक शक्ती त्याच्या ठायी आली कोठून, हे दोन प्रश्न सोडवावयास माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आरंभ १८१७ सालापासून करू. त्या वर्षी बंगालमधील जेसोरच्या बाजूने पटकीची जी साथ उठली, ती पूर्वीच्या साथींप्रमाणे एका प्रांतात थांबली नाही. नोव्हेंबर महिन्यात गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांवर स्वारी करण्यासाठी आणि दौलतराव शिंद्यांवर वचक बसविण्यासाठी मोठे सैन्य घेऊन बुंदेलखंडात उतरला होता. त्याच महिन्याच्या आरंभी ग्वाल्हेरचा तह झाला आणि लगोलग त्याच्या छावणीत पटकी शिरली. ज्या सैन्याला तलवारीची भीती नव्हती ते वाटेवर माणसे टाकीत बेटवा नदीच्या काठी एरिचकडे निघाले; तेथे गेल्यावर साथ ओसरली. मराठेशाहीच्या अखेरच्या युद्धात दोन्ही पक्षांच्या प्रदेशांतून हा तिसरा शत्रू फिरत होता. १८१८ मध्ये तो मुंबईला पोचला, आणि तेथून समुद्रमार्गाने पश्चिमेकडे गेला.

युरोपात साथी पोचल्या तेव्हा दोष कोणाला द्यावयाचा हा प्रश्न निघाला. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने या रोगाचे मूळ हिंदुस्थानात, गंगेच्या खोऱ्यात ठरविले, आणि यात्रेकरूंकडे बोट दाखविले. रोग इथून निघाला हे खरे होते. यात्रेच्या गर्दीत, दूषित पाण्यामुळे तो पसरे हेही खरे होते. पंढरपूरच्या किंवा नाशिकच्या यात्रेला निघालेल्या माणसाच्या घरी पटकीचे भय असेच. परंतु हळूहळू रोगाचे नावच 'आशियाई पटकी' असे पडले, आणि जणू काही ती भूमी व ती माणसे यांच्या ठायीच हा दोष उपजत आहे, असा भाव त्या नावात आला. पुढील शोधांनी हा उपजतपणाचा समज मुळापासून उखडला, म्हणून त्याची आठवण येथे दिली.

१८५४ हे वर्ष या इतिहासात दोनदा महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाशी साथीचा संबंध जोडून दाखविला. आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी याने पटकीने मेलेल्यांच्या आतड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली तो वाकडा जंतू पाहिला. दोघांच्याही म्हणण्याकडे तत्कालीन पंडितांनी फारसे लक्ष दिले नाही. तीस वर्षांनी रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ इजिप्तमार्गे कलकत्त्यास आला, आणि १८८४ च्या जानेवारीत त्याने या जंतूची शुद्ध पैदास केली. कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यातही त्याला हाच जंतू सापडला. हा जंतू काही विष निर्माण करीत असावा, असा तर्कही कॉखने बोलून दाखविला.

पण तर्क सिद्ध करावयाचा कसा? मनुष्येतर प्राण्यांना पटकी होईना. संशयी लोकांना आयतेच निमित्त मिळाले. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या त्र्याहत्तर वर्षांच्या पंडिताने १८९२ साली पटकीच्या जंतूंचे पाणी सर्वांसमक्ष पिऊन टाकले. त्याला थोडे जुलाब झाले इतकेच. त्याच्या शिष्याला बराच त्रास झाला, पण तोही वाचला. म्हाताऱ्याने बाजी जिंकली असे अनेकांना वाटले. रिचर्ड फायफर याने त्याच सुमारास असे मत मांडले, की पटकीचे विष जंतूच्या देहातच कोंडलेले असते व जंतू मेल्यावर, देह फुटल्यावर ते बाहेर पडते. हे मत असे रुजले, की पुढे पन्नास-साठ वर्षे बहुतेक संशोधक जंतू प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत टोचून पाहत राहिले. रोग आतड्यात होतो, ही साधी गोष्ट दृष्टीआड झाली.

ती पुन्हा दृष्टीसमोर आणली एका बंगाली डॉक्टराने. शंभुनाथ दे यांचा जन्म १९१५ साली हुगळी जिल्ह्यात झाला. ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. लंडनला जाऊन पदवी घेऊन परत आले, आणि कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतच त्यांनी आयुष्य काढले. त्यांनी विचार केला, की ज्या ठिकाणी रोगी पाणी गमावतो त्याच ठिकाणी जंतूची परीक्षा का घेऊ नये? त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा, रक्तपुरवठा न तोडता, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि त्या कोंडलेल्या भागात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी पाहावे तो तेवढाच भाग पाण्याने फुगून टम्म झालेला! १९५३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांनी निर्णायक पाऊल टाकले. जंतू ज्या रसात वाढविले तो रस गाळून एकही जिवंत जंतू त्यात राहणार नाही असा केला, आणि नुसता तो रस बांधलेल्या आतड्यात घातला. आतडे तसेच फुगले. म्हणजे विष जंतूच्या प्रेतातून निघत नव्हते. जिवंत जंतू ते बाहेर सोडीत होता. १९५९ साली 'नेचर' नियतकालिकात दोन पानांहून कमी मजकुरात ही गोष्ट जगाला कळविण्यात आली.

येथे एका मुंबईच्या प्रयोगाचाही उल्लेख केला पाहिजे. परळच्या हाफकिन संस्थेत दत्त व हब्बू यांनी सशाच्या पिलांना पटकीसारखा रोग जडविता येतो हे १९५५ साली दाखविले होते. आणि १९५९ सालीच दत्त, पानसे व कुलकर्णी यांनी त्या पिलांवर पटकीच्या विषाचा स्वतंत्रपणे अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच वर्षी कलकत्ता आणि मुंबई या दोन शहरांतून, थोडक्या साधनांनिशी, कॉखचा पंचाहत्तर वर्षांचा तर्क खरा ठरला.

विष शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९६९ साली, अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांच्या प्रयत्नाने. मग त्याची घडण उलगडली. त्याचे सहा भाग असतात. पाच भाग मिळून एक कडे बनते. ते आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटते. सहावा भाग पेशीत शिरतो आणि तिच्यातील एक कळ अशी दाबून धरतो, की ती पुन्हा सुटत नाही. पेशी मीठ बाहेर टाकू लागते, आणि मिठामागोमाग पाणी धावते. आतड्याचे अस्तर फाटत नाही, झडत नाही. ते जिवंत राहूनच शरीर रिते करते.

आता दुसरा प्रश्न. हे विष बनविण्याचा हुकूम जंतूजवळ असतो कोठे? प्रत्येक सजीवाच्या पेशीत आनुवंशिक गुणांची एक पोथी असते. तिच्यातील एकेका आदेशाला आपण जनुक म्हणतो. पटकीच्या जंतूची संपूर्ण पोथी २००० साली वाचून झाली. ती दोन गुणसूत्रांत विभागलेली असून तिच्यात सुमारे चाळीस लाख अक्षरे व ३,८०० हून अधिक जनुके आहेत. विषाचे जनुक तिच्यात आहेच. परंतु ते जंतूचे स्वतःचे नव्हे, ही गोष्ट त्याआधीच, १९९६ साली, मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी दाखवून दिली होती.

जंतूंनाही त्यांचे रोग असतात. जंतूंवर जगणारे विषाणू आहेत. त्यांना जंतुभक्षक म्हणतात. यांपैकी काही जंतूला मारून टाकतात, तर काही त्याच्या देहात शिरून आपली पोथी त्याच्या पोथीत शिवून टाकतात आणि तेथेच वस्ती करतात. जंतूची वाढ झाली की या पाहुण्याची पानेही पुढच्या पिढीत उतरतात. घटसर्पाच्या जंतूचे विष असेच पाहुण्याने आणलेले असते, हे फ्रीमन याने १९५१ साली दाखविले होते. वॉल्डर व मेकॅलॅनोस यांना पटकीच्या विषाचे जनुक एका धाग्यासारख्या जंतुभक्षकाच्या पोथीत सापडले. ती पोथी अवघी सात हजार अक्षरांच्या आसपास आहे. चाळीस लाख अक्षरांच्या ग्रंथात कोणी परक्याने घुसविलेली ही सात हजार अक्षरे. आणि सारी प्राणहानी एवढ्यात साठविलेली!

यापुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. आतड्यात तग धरण्यासाठी हा जंतू आपल्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू काढतो. ते तंतू नसतील तर तो आतड्यात ठाव धरू शकत नाही. विषाणू जंतूत शिरतो तो नेमका याच तंतूंच्या वाटेने. म्हणून विषाची ही देवघेव परीक्षानळीपेक्षा उंदराच्या आतड्यात अधिक सहज घडते, असे त्या दोघांना आढळले. याचा अर्थ असा, की निरुपद्रवी जंतूला मारक बनविणारी शाळा तळ्यात किंवा नदीतच असते असे नव्हे. ती प्राण्याच्या पोटातही भरते. तंतू आणि विष या दोहोंची सूत्रे एकाच नियंत्रक जनुकाच्या हाती असतात, हेही आता कळले आहे. आपण आतड्यात पोचलो याची खूण पटली, की जंतू दोन्ही कामे बरोबरच सुरू करतो.

येथे आपल्या देशाशी निगडित एक जुना प्रयोग आठवतो. आग्र्याला रासायनिक परीक्षक असलेल्या हॅन्किन या अधिकाऱ्याने १८९६ साली लिहून ठेवले, की गंगा व यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात, आणि पाणी उकळले असता त्याचा हा गुण नाहीसा होतो. जंतुभक्षकांचा शोध लागल्यावर अनेकांनी या निरीक्षणाचा संबंध त्यांच्याशी जोडला. त्या शोधाचा एक जनक फेलिक्स देरेल १९२७ साली पंजाबात येऊन पटकीच्या रोग्यांवर जंतुभक्षकांचे उपचार करून गेला. एका बाजूस अशा विषाणूंत जंतूचा संहारक शोधला जात होता. आणि सत्तर वर्षांनी कळले, की त्यांच्याच जातकुळीतील दुसरा एक विषाणू जंतूला शस्त्र पुरवितो.

पोथीत घुसलेली ही एकच पाने नव्हेत. १९०५ साली सिनाईतील एल तोर येथील क्वारंटाइन ठाण्यावर मक्केहून परतलेल्या काही मृत यात्रेकरूंच्या आतड्यांत पटकीच्या जंतूचा एक भाऊबंद सापडला. मात्र ते पटकीचे रोगी नव्हते. अनेक वर्षे त्याला कोणी महत्त्व दिले नाही. परंतु १९६१ साली इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरून याच एल तोर वंशाची जागतिक साथ उठली, १९६४ मध्ये ती भारतात आली, आणि ती सातवी जागतिक साथ अजून संपलेली नाही. या वंशाच्या पोथीत जुन्या वंशात नसलेले दोन नवे तुकडे आहेत, असे २००२ साली आढळले. १९९२ साली मद्रासमध्ये याहून निराळा प्रकार घडला. एल तोर वंशाच्याच एका जंतूने आपल्या बाह्य कवचाची जनुके बदलून दुसरीच धारण केली. ज्यांना पूर्वी पटकी होऊन गेली होती त्यांच्या शरीराला हा नवा वेष ओळखता येईना. त्यामुळे मोठी माणसेही आजारी पडू लागली. कलकत्ता आणि बांगलादेशापर्यंत तो पसरला, आणि अनेक औषधांना दाद न देण्याची जनुकेही एका गाठोड्यात बांधून बरोबर घेऊन आला. पुढे तो मागे पडला; पण धडा शिकवून गेला.

या सर्वाला इतिहासाचा पुरावा कोणता, असे आपण विचाराल. तोही मिळाला आहे. १८४९ साली फिलाडेल्फियात पटकीने मृत्यू पावलेल्या एका रोग्याच्या आतड्याचा तुकडा तेथील म्यूटर संग्रहालयात जपून ठेवलेला होता. २०१४ साली त्या तुकड्यातून जंतूची पोथी वाचण्यात आली. ती जुन्या वंशाची निघाली, आणि विष आणणारा पाहुणा त्या काळीही तिच्यात ठाण मांडून बसलेला होता. कॉखचा जन्म होऊन सहा वर्षे झाली असतील-नसतील, त्या वेळी मेलेल्या रोग्याने कॉखच्या प्रश्नाचे उत्तर असे देऊन ठेवले होते.

श्रोतेहो, या शोधांतून निघणारे तात्पर्य केवळ शास्त्रज्ञांपुरते नाही. पटकीचा जंतू मूळचा पाण्याचा रहिवासी आहे. खाडीच्या मचूळ पाण्यात, सूक्ष्म जलचरांच्या कवचाला चिकटून तो राहतो. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, आणि त्यांपैकी साथी आणल्या त्या केवळ दोघांनी. त्या कवचाच्या सहवासात तो इतरांची जनुके उचलू शकतो, हे २००५ साली सिद्ध झाले. म्हणजे मारकपणा हा त्याचा कुलधर्म नव्हे. तो संगतीने आलेला गुण आहे. तो कोणत्याही भूमीला किंवा कोणत्याही लोकांना उपजत चिकटलेला नाही. जेथे मैला पिण्याच्या पाण्यात मिसळतो तेथे जंतूंच्या भेटीगाठी आतड्यांत वाढतात, आणि विषाची उसनवारी चालू राहते. लंडनने थेम्स सुधारली, तेव्हा लंडनची पटकी गेली. १८६६ च्या परिषदेने यात्रेकरूंकडे दाखविलेले बोट खरे तर त्यांच्या पाण्याकडे दाखवावयास हवे होते.

उपायही याच ज्ञानातून निघाले आहेत. विष आतड्याची एक कळ दाबून धरते. पण साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची दुसरी वाट ते बंद करीत नाही. म्हणून मीठ व साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी तोंडाने दिले तरी शरीर ते आत घेते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे द्राव संपत आले असता हेच पाणी पिंपांतून भरून नातेवाइकांच्या हाती दिले. शंभरांतून तीसच्या घरात असलेले मृत्यू चारांहून खाली आले. आणि बांगलादेशातील खेड्यांत, जुन्या साडीच्या घड्या घालून त्यातून पाणी गाळले असता जंतू चिकटलेले ते जलचर अडकतात व पटकी जवळजवळ निम्म्याने कमी होते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसून आले. आपल्या आजीच्या घागरीवरचे फडके आठवा. अर्थात ते उकळलेल्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु जेथे सरपणाचीही वाण आहे तेथे त्याचे मोल थोडे नव्हे.

शंभुनाथ दे यांना त्यांच्या हयातीत देशात मोठा मान मिळाला नाही. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचविले होते. १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण आले. १९८५ मध्ये ते निवर्तले. आज जगात जेथे जेथे पटकीच्या विषाचा अभ्यास होतो तेथे तो त्यांनी बांधलेल्या सशाच्या आतड्यापासून सुरू होतो. पुढे कधी घरात 'मोडशी' हा शब्द कानी पडला तर गोव्याच्या त्या जुन्या साथीबरोबरच या माणसाचीही आठवण करावी. आणि पाण्याची घागर झाकलेली आहे ना, एवढे पाहून घ्यावे.